पल्तोच्या मुंढ्यापासून सुरुवात कर

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

मॉस्कोतल्या छोट्या लेबलमध्ये (म्हणजे कपड्यांच्या ब्रँडमध्ये) रुजू होण्याआधी काय वाचू, आणि ते म्हणतात ते ‘कालातीत’ कपडे म्हणजे काय, असं विचारलंस. वाचायचं नंतर बघू. आधी टेप हातात घे, कारण तिथले आकडे आपल्यापेक्षा वेगळे आहेत आणि नवा माणूस पहिल्याच दिवशी तिथे फसतो.

रशियन साइझ म्हणजे छातीच्या घेराचा निम्मा आकडा. छाती 88 सेंटीमीटर तर साइझ 44, छाती 92 तर 46. सोबत उंची असते: 158, 164, 170, 176, सहा-सहाच्या पायऱ्यांनी. कपड्यावर 170-88-96 लिहिलेलं दिसलं, तर उंची, छाती, सीट असं वाचायचं. नव्या लेबलांनी यावर एस, एम, एल चढवलं आणि घोळ झाला. एकाचं एम म्हणजे 44, दुसऱ्याचं 46. तुझ्या लेबलचा तक्ता माग आणि त्यावर विसंबू नकोस. तयार कपडा टेबलावर पसरून छाती, सीट, बाहीची लांबी आणि मुंढ्याची (बाही जोडतात त्या गोलाची) खोली स्वतः मोज. तिथे ऑनलाइन घेतलेला कपडा हातात पडल्यापासून सात दिवसांत परत करता येतो, आणि माल उचलायच्या केंद्रांवर बऱ्याच ठिकाणी घालून बघायची खोलीही असते. तक्ता चुकला की परतीचा ढीग लागतो, तोही गळ्यावर मेकअपचे डाग घेऊन.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. ‘कालातीत’ कपडे म्हणजे नेमकं काय? इन्स्टाग्रामवर बघशील तर बेज, राखाडी, चॉकलेटी आणि मोठे खांदे. तो रंगपेटीचा भाग झाला, आणि खरं सांगायचं तर त्यात आता एकसुरीपणा आलाय. दहा लेबलांचे फोटो एकत्र टाकले तर कुठला कुणाचा ते ओळखू येत नाही. कामाचा भाग आत असतो. बाईने गेल्या वर्षी घेतलेल्या जॅकेटवर यंदाचं पल्तो (म्हणजे ओव्हरकोट) चढलं पाहिजे आणि त्याच जॅकेटला पुढच्या वर्षी तुझी पँट जुळली पाहिजे. एवढं जमलं की कपडे कालातीत. बाकीची जाहिरात.

ही पद्धत रुजवणाऱ्यांत उरल पर्वताजवळच्या येकातेरिनबुर्गचं नाव येतं. ‘ट्वेल्व्ह स्टोरीज’ हे लेबल 2014 मध्ये तिथेच दोन बहिणींनी सुरू केलं. वर्षभरात बारा छोटी कलेक्शनं, हा नावामागचा हिशेब. ‘उशातावा’ही त्याच शहरातलं, दोघी संस्थापिकांची आडनावं जोडून केलेलं नाव. मार्च 2022 मध्ये झारा, एच अँड एम, युनिक्लो यांनी रशियातली दुकानं बंद केली आणि साधा ब्लेझर, साधा शर्ट शोधणारं गिऱ्हाईक अशा देशी लेबलांकडे वळलं. पण त्याच वेळी युरोपातलं कापड मागवणं आणि त्याचे पैसे चुकते करणंही अवघड झालं. त्यामुळे तुझ्या हातात कापड कुठून येतंय आणि तेच पुन्हा मिळेल का, हा रोजचा प्रश्न असणार.

कटिंगमध्ये सगळ्यात जास्त जीव कशात घालायचा? मुंढ्यात. तिथली बाई जानेवारीत अंगाला चिकटलेला पातळ स्वेटर, वर शर्ट, वर जॅकेट आणि वर पल्तो घालते. बाहेर उणे दहा, आत हीटिंगमुळे पंखा लावावासा वाटेल इतकं गरम, त्यामुळे दिवसभर हे थर चढत-उतरत असतात. चारही कपडे वेगवेगळ्या मास्तरांनी वेगवेगळ्या पॅटर्नवरून काढले तर प्रत्येक सुटा छान बसतो आणि एकावर एक घातले की काखेत बोळा होतो. म्हणून सगळ्यांचा मूळ पॅटर्न एकच ठेवायचा आणि थराथराने लूजिंग (अंगाच्या मापावरची मोकळीक) वाढवायचं. छातीवर शर्टला साधारण 8 ते 10 सेंटीमीटर, जॅकेटला 10 ते 14, पल्तोला 16 ते 20. मुंढा शर्टापेक्षा जॅकेटला दीड-दोन सेंटीमीटर खाली, पल्तोला त्याहून दोन-तीन. खांद्याची लांबीही थोडी थोडी वाढते. मात्र मुंढा नुसता खाली उतरवून भागत नाही. बाहीची टोपी (बाहीचा वरचा गोलाईचा भाग) तेवढीच उंच ठेवलीस तर हात वर केला की अख्खा कोट वर येतो. मुंढा उतरला की टोपी कमी कर, बाही रुंद कर.

तपासायची रीत सोपी आहे. 44 साइझच्या बाईला चारही थर घालायला सांग आणि मेट्रोत डोक्यावरची दांडी धरतात तसा हात वर करायला लाव. पल्तोचा खालचा काठ चार-पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलला गेला तर पॅटर्न परत टेबलावर. मग खुर्चीत बसव. पुढची बटणं ताणली तर सीटवरचं लूजिंग कमी पडलंय. डमीवर यातलं काहीच कळत नाही, डमीला कुठे जायचं नसतं.

पल्तोच्या आतलं कामही समजून घे, कारण पैसे तिथे जातात आणि तक्रारीही तिथूनच येतात. थंडीच्या पल्तोत लोकरी कापडाखाली वारा अडवणारा पातळ थर, मग ऊब धरणारं भरण: अंगात दर चौरस मीटरला 150 ग्रॅम, बाहीत 100. बाहीतही 150 घातलं तर हात फुगतो आणि कोपर वाकत नाही. मधला थर वाचवला तर भरणाचे तंतू लोकरीतून बाहेर डोकावतात. गडद रंगावर ते कोंड्यासारखे दिसतात आणि झटकून जात नाहीत. अस्तराला पाठीच्या मध्यावर दोन-तीन सेंटीमीटरची चुणी ठेव, खाली एखादा सेंटीमीटर ढील सोड. ही चुणी नसली की पहिल्याच हिवाळ्यात काखेजवळ अस्तर उसवतं आणि दोष शिलाईवर येतो. हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की पॉलिस्टरचं अस्तर लोकरीच्या स्टॉकिंगला चिकटतं, चटचट ठिणग्या उडतात. स्कर्ट आणि ड्रेसला तरी व्हिस्कोसचं अस्तर मागून घे. पल्तोची लांबी ठरवताना जमिनीपासून वीसेक सेंटीमीटर मोकळे राहू देत, कारण रस्त्यावरचं बर्फ वितळवायला टाकलेल्या रसायनांचे पांढरे डाग खालच्या काठावर बसतात.

आणि मानेमागचा लूप. रशियनमध्ये ‘गार्देरोब’ म्हणजे कपड्यांचा संच, आणि थिएटरच्या दारात कोट ठेवून घेतात ती जागासुद्धा. तिथे ओलं, जड पल्तो त्या एका लूपवर तीन तास लोंबतं. नुसत्या अस्तराच्या पट्टीचा लूप तुटतो. आत फीत घाल, सात-आठ सेंटीमीटर लांब ठेव, दोन्ही टोकं कॉलरच्या शिलाईत पक्की अडकव.

आता कापड. इवानोव्हो शहराला रशियाचं मँचेस्टर म्हणतात, आपण इचलकरंजीला म्हणतो तसंच. पण तिथलं नाव सुताचं: चादरी, फ्लॅनेल, होजिअरी. सूटिंगसाठी तिथे गेलीस तर हात हलवत परत येशील. या लेबलांचा खरा शत्रू आहे छटेतला फरक. जॅकेट आणि पँट सुटी विकतात, गिऱ्हाईक ती सूट म्हणून घालतं. दोन्ही वेगळ्या रंगाईच्या ताक्यांतून कापली तर दुकानातल्या दिव्यात जुळतात आणि उजेडात एक काळं निळसर, दुसरं तांबूस निघतं. काळा रंग सगळ्यांत दगाबाज. प्रत्येक ताक्याच्या सुरुवातीची वीतभर पट्टी काप, तिच्यावर ताक्याचा नंबर लिही, पट्ट्या शेजारी शेजारी शिव आणि खिडकीशी नेऊन बघ. डिसेंबरात मॉस्कोला दिवस जेमतेम सात तासांचा, म्हणून हे काम दुपारी बाराला. मग पट्टीला वाफ देऊन पुन्हा मोज. लोकर दोन-तीन टक्के आटते, लिनन पाच टक्क्यांवर जाऊ शकतं. आटण्याचा आकडा पॅटर्नवर लिहिला नाही तर तिसऱ्या वेळी तोच मॉडेल काढताना पँट आखूड होते आणि कुणाला कारण सापडत नाही.

पहिल्या आठवड्यात एक वही कर, किंवा एक्सेल. प्रत्येक मॉडेलसाठी: पॅटर्नची आवृत्ती, कापडाचा नंबर, ताक्याचा लॉट, आटणं, बकरम (कापडाला आतून ताठपणा देणारा थर) कोणतं आणि किती तापमानाला चिकटवलं, धाग्याची छटा, बटणाचा व्यास. मास्तर ‘जरासं बदललंय’ म्हणाला की लगेच नवी आवृत्ती. जुनी पुसू नकोस. दोन वर्षांनी बाई जॅकेटला पँट मागायला येईल तेव्हा तीच लागते.

नादेझ्दा लामानोव्हा हे नाव तुझ्या कानावर येईलच. 1885 मध्ये मॉस्कोत तिने स्वतःचं शिवणघर काढलं आणि क्रांतीनंतर टंचाईच्या काळात टॉवेल आणि जाड्याभरड्या कापडाचे ड्रेस काढले; 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात तिला ग्रां प्री मिळालं. कुणासाठी, कशासाठी, कशापासून, हे तिचे तीन प्रश्न तिथल्या शाळांत अजून शिकवतात. मला विचारशील तर तिसरा आधी सोडव. कापड हातात नसताना काढलेली स्केचेस वाया जातात.

कागदपत्रांचं थोडक्यात. कपड्यात रशियन भाषेतली माहितीची पट्टी, घटकांची टक्केवारी आणि ईएसी चिन्ह (माल तिथल्या नियमांत बसतो याची खूण) हवंच. पल्तो, जॅकेट, ब्लाउज यांच्या प्रत्येक नगाला ‘चेस्नी ज़्नाक’ या मालाच्या नोंदणी-यंत्रणेचा चौकोनी कोडही लागतो. कोड नगाला असतो, मॉडेलला नाही. 44 चा कोड 46 ला लागला तर तो नग विकताना अडकतो, म्हणून टॅग साइझप्रमाणे वेगळ्या डब्यांत ठेव आणि एका वेळी एकच डबा उघड.

जाताना दोन मीटर-टेप ने, एक स्टीलच्या पट्टीवर ताडून घेतलेली. कापडी टेप वर्षभरात ताणली जाते आणि मग सगळ्यांची 88 वेगवेगळी होते.

कळावे.