अमेरिकेत लहान पिकअप ट्रकच्या रोड रेस खरोखरच होत असत का, आणि त्या का बंद पडल्या?

होय, होत असत. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, या संस्थेने १९८७ ते १९९१ या काळात 'रेसट्रक चॅलेंज' नावाची मालिका चालवली. धुळीच्या मैदानावर किंवा अंडाकृती ट्रॅकवर नव्हे, तर डावी-उजवी वळणे आणि चढउतार असलेल्या पक्क्या रोड कोर्सवर या शर्यती होत. जीप कोमांची, निस्सान हार्डबॉडी, मित्सुबिशी मायटी मॅक्स, फोर्ड रेंजर, शेवरोले एस-१०, शिवाय टोयोटा आणि माझदा यांचे लहान पिकअप त्यांत उतरत. इंजिन चार सिलिंडरचे आणि ओढ फक्त मागच्या चाकांना, अशी अट होती. शोरूममधून निघणारी गाडी शक्य तितकी तशीच ठेवायची आणि आत सुरक्षेचा पिंजरा बसवायचा, हा त्यामागचा विचार होता.

एवढ्यावर थांबता आले असते. परंतु प्रश्नाखाली आपण एक वाक्य जोडले आहे: 'सामान वाहायच्या गाडीची शर्यत लावणे म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी, त्यातून कोणाला काय शिकायला मिळणार?' जवळजवळ याच शब्दांत १९९४ साली पुण्यात माझ्या वरिष्ठांनी मला गप्प केले होते. मला तेव्हा धड उत्तर देता आले नव्हते, ते आज देतो.

१९८९ साली मी विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होतो. तिकीट काढून शर्यत पाहण्याइतके पैसे माझ्याजवळ नसत. एससीसीएच्या शर्यतींत वळणावळणांवर झेंडे घेऊन उभे राहणारे लोक पगारी नसतात, स्वयंसेवक असतात. पांढरे कपडे घालून दिवसभर उन्हात उभे राहायचे आणि त्या बदल्यात शर्यत अगदी जवळून पाहायची, एवढाच तो व्यवहार. माझ्या खोलीतला सोबती मला एका शनिवार-रविवारी घेऊन गेला आणि उताराच्या शेवटी येणाऱ्या एका उजव्या वळणावर माझी नेमणूक झाली. आमच्या ठाण्याचे प्रमुख दुग्धव्यवसाय करणारे वयस्कर शेतकरी होते. सकाळी स्पोर्ट्स कारच्या फेऱ्या चालू असताना ते फारसे बोलले नाहीत. दुपारी पिकअप ट्रॅकवर आले, तसे त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले की पुढची चाके पाहू नकोस, आतल्या बाजूच्या मागच्या चाकावर नजर ठेव.

मी तसे पाहू लागलो, आणि त्या एका तासात मला जे कळले ते दोन सत्रांच्या वर्गात कळले नव्हते. रिकाम्या पिकअपचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असते. जोरात ब्रेक दाबला की गाडी पुढे झुकते आणि तोच आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून जेमतेम पाव वजन उरते. त्या चाकांचे ब्रेक मात्र हौद्यात पाच-सहाशे किलो माल असेल असे धरून बनवलेले, आणि गाडीचा भार पेलणारे पोलादी पाटेही (लीफ स्प्रिंग) तोच भार धरून जाड केलेले. त्यामुळे हलकी झालेली मागची चाके लवकर अडकतात. फिरायची थांबलेली चाके गाडीला सरळ रेषेत धरून ठेवू शकत नाहीत आणि मागची बाजू पुढच्या बाजूला ओलांडून जायला पाहते. रस्ता थोडासा जरी उंचसखल असेल, तरी ताठ पाट्यांवरचा, दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा सलग एक्सल थडथड उड्या मारतो. वळणातून बाहेर पडताना आतले चाक हलके असल्यामुळे ते जागच्या जागी फिरते आणि गाडीला ओढच मिळत नाही. हे सगळे मला माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, प्रत्येक फेरीत, एकामागून एक येणाऱ्या ट्रकांत दिसत होते. इंजिने लहान असल्यामुळे कोणी कोणाला सोडून फार पुढे जात नव्हता, आणि उंच केबिनमागच्या शांत हवेत शिरून मागचा ट्रक पुढच्याला चिकटून येत होता.

शर्यतीच्या मध्यावर एका पांढऱ्या ट्रकने ब्रेक काहीसा उशिरा दाबला. मागची चाके अडकल्याचा आवाज आधी आला आणि धूर नंतर दिसला. चालकाने स्टिअरिंग वळवण्याआधीच गाडी फिरायला लागली होती, आणि दीड वेढा घेऊन ती आमच्या समोरच्या गवतात उलट्या तोंडाने उभी राहिली. मी पिवळा झेंडा हलवत होतो आणि माझे हात थरथरत होते, कारण मागून सात ट्रक त्याच उतारावरून येत होते. ते सातही नीट निघून गेले. पुढे जे पाहिले ते मी विसरलेलो नाही. तोच चालक गाडी पुन्हा ट्रॅकवर घेऊन आला आणि पुढच्या फेरीपासून त्याने ब्रेकची पद्धत बदलली. आधी हलका दाब देऊन गाडीचे वजन पुढे सरकू द्यायचे, मग दाब वाढवायचा, आणि वळणात शिरण्यापूर्वी पाय पूर्ण काढायचा. मागची चाके पुन्हा अडकली नाहीत. शर्यत संपल्यावरच्या सावकाश फेरीत चालक हात बाहेर काढून झेंडेवाल्यांना अभिवादन करतात आणि झेंडेवाले सगळे झेंडे एकदम हलवतात, अशी तिकडे रीत आहे. त्या चालकाने आमच्या ठाण्यापाशी गाडी जवळजवळ थांबवलीच होती.

संध्याकाळी मी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात त्या आवारात, गेलो. जीप कोमांचीखाली झोपून काम करणाऱ्या एका मेकॅनिकने मला खाली वाकायला लावले आणि एक्सलपासून वर गेलेली बोटभर जाडीची सळई दाखवली. हौद्यात भार वाढला की पाटे दबतात, सळई हलते आणि वरचा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. हौदा रिकामा असला की तोच व्हॉल्व्ह दाब कमी करतो. गाडीची उंची जराशी बदलली तरी त्या सळईचा कोन बदलतो आणि चालकाला ते पहिल्याच वळणावर कळते, असे त्याने मला सांगितले. त्या व्हॉल्व्हचे चित्र मी त्याच रात्री वहीत काढले. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

१९९१ साली मी भारतात परतलो आणि पुण्यात एका कंपनीत लागलो. तिचे नाव येथे सांगण्याची गरज नाही. तिथे एका लहान मालवाहू गाडीच्या ब्रेकचे काम माझ्याकडे आले, आणि खर्च कमी करण्यासाठी तो भार ओळखणारा व्हॉल्व्ह काढून ठरावीक प्रमाणाचा साधा व्हॉल्व्ह बसवावा, असा प्रस्ताव पुढे आला. मी विरोध केला. गाडी रिकामी असताना ओल्या रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांचे आकडे मांडले आणि आधार म्हणून त्या शर्यतीत पाहिलेले सांगितले. माझे वरिष्ठ म्हणाले, "गिऱ्हाईक गाडी भरण्यासाठी घेतो. रिकामी कशी चालते, हे कोण विचारतो? आणि शर्यतीतला तो पोरखेळ इथे सांगू नका." बैठकीत लोक हसले. साधा व्हॉल्व्ह मंजूर झाला.

त्याच, म्हणजे १९९४ च्या, पावसाळ्यात मी चाचणीसाठी दिलेल्या अशाच एका गाडीतून पुणे-नाशिक रस्त्याने चाललो होतो. चालक नारायणगावचा होता. पहाटे मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवून तो रिकाम्या हौद्याने परत निघाला होता. खेड घाटाच्या अलीकडे समोर एक म्हैस आली आणि त्याने ब्रेक दाबला. मला तोच आवाज ऐकू आला, जो पाच वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याशेजारी उभा राहून ऐकला होता. गाडी आडवी झाली आणि रस्त्याकडेच्या चिखलात रुतली. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, म्हैसही वाचली. चालक वीस वर्षांचा अनुभवी माणूस होता. "भरलेली असती तर थांबली असती, साहेब," एवढेच तो म्हणाला. मी ते वाक्य अहवालात जसेच्या तसे लिहिले. अहवाल फाईलला लागला.

रिकामी गाडी कोण विचारतो, या प्रश्नाचे उत्तर त्या चालकाने दिले होते. माल घेऊन गेलेली गाडी बहुतेक वेळा रिकामी परतते. मालवाहू गाडीच्या आयुष्यातले कितीतरी किलोमीटर रिकाम्या हौद्याचे असतात, आणि तेव्हाच चालक दमलेला, घराच्या ओढीने वेगात असतो. रेसट्रक मालिकेत गाड्या रिकाम्याच धावत. म्हणजे पिकअपची जी सर्वांत अवघड अवस्था, तीच तिथे हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर तपासली जात होती. कंपन्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असेही नाही. फोर्डने १९८७ मध्ये आपल्या मोठ्या पिकअपला आणि १९८९ मध्ये रेंजरला फक्त मागच्या चाकांसाठी अँटिलॉक ब्रेक, म्हणजे चाक अडकू न देणारे ब्रेक, दिले होते. चारही चाकांचा खर्च परवडत नसेल तर आधी मागची चाके सांभाळा, हाच त्याचा अर्थ. विस्कॉन्सिनमधले सामान्य लोक तर हिवाळ्यात हौद्यात वाळूची पोती टाकूनच पिकअप चालवत. त्यांना समीकरणे मांडावी लागत नव्हती.

आता मालिका बंद का पडली, याविषयी. अशा मालिकेचा श्वास कंपन्यांच्या पैशावर चालतो आणि कंपन्यांचा पैसा बाजाराच्या मागे जातो. आयात मालवाहू गाड्यांवर अमेरिकेत १९६४ पासून २५ टक्के जकात आहे. तरीही लहान पिकअपची मागणी इतकी होती की निस्सानने टेनेसीतल्या स्मर्ना येथे कारखाना काढून १९८३ पासून तिथेच पिकअप बनवायला घेतले. ऐंशीच्या दशकात तरुणाची पहिली नवी गाडी म्हणजे पुष्कळदा असा स्वस्त पिकअप असे. १९९० मध्ये रेंजरच्याच पायावर फोर्डने एक्सप्लोरर आणली आणि तेच गिऱ्हाईक बंद पाठीच्या, चार दारांच्या गाडीकडे वळले. जीप बनवणारी एएमसी ही कंपनी १९८७ मध्ये क्रायस्लरने विकत घेतली होती, आणि जीप कोमांचीचे उत्पादन १९९२ मध्ये थांबले. मुख्य कारण हेच, असे माझे मत आहे. ट्रक वळणांवर चालत नव्हते म्हणून मालिका बंद पडली, असे कोणी सांगत असेल तर ते साफ चुकीचे आहे. बर्फावरच्या शर्यतींत तयार झालेले, मिनेसोटातल्या डुलुथचे बॉबी आणि टॉमी आर्चर हे भाऊ कोमांची चालवत. मागचे चाक निसटत असताना गाडी कशी हाकायची, हे बर्फावर शिकलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

जाहिरातीचा भाग त्यात होता, हे मला मान्य आहे. शर्यतीचा चालक आणि घाटातला चालक यांत फरक आहे, तसेच पिंजरा बसवलेली गाडी बाजारातल्या गाडीपेक्षा ताठ असते, हेही खरे. आजच्या गाड्यांत चारही चाकांना अँटिलॉक ब्रेक असल्यामुळे मी सांगितलेला धोका पुष्कळ कमी झाला आहे. मात्र पाटे, सलग एक्सल आणि हलकी पाठ हे त्रिकूट अजून तेच आहे.

आपण जुना पिकअप घेण्याच्या विचारात असल्याचेही लिहिले आहे. विकणारा आपल्याला भरलेली गाडी चढावर चढवून दाखवील. ते पाहू नका. हौदा पूर्ण रिकामा करायला सांगा, ओल्या आणि मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने सरळ रेषेत ब्रेक दाबा, आणि मागून कोणालातरी पाहायला सांगा की आधी कोणती चाके अडकतात. त्यानंतर गाडीखाली वाका. एक्सलवरून वर जाणारी ती सळई जागेवर आहे का, की कोणी तारेने बांधून ठेवली आहे, हे पाहा. मी पाहिलेल्या जुन्या गाड्यांत ती पुष्कळदा बांधलेलीच होती.