ओढ्याचं पाणी नितळ आहे, टीडीएसही कमी आहे. मग ओढा निरोगी समजायचा का?

एवढ्यावरून नाही. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस. कीटकनाशक, ऑक्सिजनची कमतरता, तळाला साचलेला गाळ यातलं काहीच त्याला कळत नाही. शिवाय तो सांगतो ते त्या क्षणाचं पाणी. रात्री कुणी सांडपाणी सोडलं असेल, तर सकाळपर्यंत ते वाहून गेलेलं असतं. तळाच्या दगडांखालचे किडे मात्र तिथेच असतात, त्यातले कित्येक महिनोन् महिने पाण्यात काढतात, आणि जे घडलं ते त्यांना भोगावं लागतं. म्हणून मी आधी दगड उलटायला सांगेन, मीटर नंतर.

खळखळत वाहणारा, दगडगोट्यांचा उथळ भाग निवडा. नुसत्या डोहातून नमुना घेतला तर चांगला ओढाही आजारी वाटतो, कारण ऑक्सिजन भरपूर लागणारे किडे तिथे मुळात कमी असतात. पूर येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. पुराने तळ धुऊन निघतो आणि किडे प्रदूषणामुळे गेले की पाण्याच्या लोंढ्यामुळे, हे सांगता येत नाही.

जाळीची छिद्रं साधारण 0.5 मिलिमीटर असावीत. मोठी असतील तर लहान किडे निसटतात. फार बारीक असतील तर गाळाने जाळी तुंबते आणि पाणी किड्यांसकट तोंडातूनच उलटं बाहेर येतं. जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून ती तळाला टेकवा, आपण तिच्या वरच्या अंगाला उभं राहा आणि टाचेने तळ ढवळा. एकूण 3 मिनिटं, पण ती खळाळ, कडेचं गवत, कुजका पालापाचोळा अशा वेगवेगळ्या जागांत वाटून घ्या. सुरुवात खालच्या अंगाने करून वर सरकत जा, नाहीतर ढवळलेला गाळ पुढच्या जागेवर येतो. मोठे दगड हाताने उचलून खालची बाजू जाळीसमोर चोळा. कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्यांची वाळूच्या कणांची घरं दगडाला घट्ट चिकटलेली असतात आणि नुसत्या ढवळण्याने सुटत नाहीत.

सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ओता आणि घाई करू नका. पहिली पाच मिनिटं नुसता कचरा दिसतो, मग तो हलायला लागतो. सर्वांत जास्त गल्लत मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या दोन उडणाऱ्या किड्यांच्या, पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांत होते. मेफ्लायला बहुधा तीन शेपट्या आणि स्टोनफ्लायला दोन, पण शेपट्या तुटतात आणि काही मेफ्लायना दोनच असतात. भिंगातून पाय पाहा: स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायच्या पायाला एकच. मेफ्लायच्या पोटाच्या कडेला कल्ले फडफडताना दिसतात. ट्रेमधलं पाणी तापून ऑक्सिजन घटला की स्टोनफ्लाय पाय रोवून जोर काढल्यासारखं अंग वरखाली करते. ते दिसताच तिला ताजं पाणी द्या.

मोजायचे ते मुख्यतः प्रकार. लाल अळ्या (डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या) शेकड्याने सापडल्या तरी तो एकच प्रकार. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्येही त्या तगतात. चार-दोन कुठेही असतात, पण त्या आणि गाळातले बारीक गांडुळासारखे किडेच उरले असतील तर सेंद्रिय घाण भरपूर आहे असं समजा. आकडा हवा असेल तर बीएमडब्ल्यूपी पद्धत वापरा, म्हणजे प्रदूषण जितकं कमी सोसतं तितके जास्त गुण किड्यांच्या प्रत्येक कुळाला द्या: बहुतेक स्टोनफ्लायच्या कुळांना 10 गुण, लाल अळ्यांच्या कुळाला 2, गांडूळवर्गाला 1. बेरजेला कुळांच्या संख्येने भागा. सरासरी 6 च्या वर असेल तर पाणी चांगलं, 4 च्या खाली असेल तर गंभीर प्रदूषणाची शंका. मात्र मूळ तक्ता ब्रिटनमधल्या कुळांवर बेतलेला आहे; तुमच्या प्रदेशासाठी सुधारलेला तक्ता असेल तर तोच घ्या.

मग मीटर. ऑक्सिजन एकदा पहाटे आणि एकदा दुपारी मोजा. 20 अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीजवळ पाणी लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, 30 अंशांना 7.6. दुपारी आकडा याच्या बराच वर आणि पहाटे निम्म्यावर, असं असेल तर शेवाळ माजलंय: दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री ओढून घेतं. नुसता दुपारचा आकडा पाहणारा अशा ओढ्याला हमखास चांगलं म्हणतो. प्रवाहही मोजा. 10 मीटर अंतर जायला तरंगणाऱ्या संत्र्याला 25 सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला 0.4 मीटर, त्याला 0.85 ने गुणा, मग रुंदी आणि सरासरी खोलीने. 2 मीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर खोल ओढ्यात हे सेकंदाला सुमारे 136 लिटर होतं.

हे सगळं दोन ठिकाणी करा: शंका असलेल्या नाल्याच्या वर आणि खाली, पण तळ, वेग आणि सावली सारखी असलेल्या जागी. एकट्या जागेच्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही. उतार नसलेल्या, मऊ तळाच्या ओढ्यात स्टोनफ्लाय नसणं स्वाभाविक असतं; ती वर आहे आणि खाली नाही, तर मधे काय येऊन मिळतंय ते शोधायचं. दगड गाळात अर्धेअधिक रुतले असतील तर कारण पाण्यात नसून काठावर असू शकतं. झाडी तोडलेली, माती उघडी पडलेली असेल, तर किड्यांच्या राहायच्या फटीच बुजतात आणि रासायनिक चाचण्या मात्र निर्दोष येतात.

किडे मोजून झाले की त्याच जागी सोडा. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवा, कारण ओल्या जाळीतून परकी गोगलगाय किंवा रोगाची बुरशी सहज पसरते.