जुनी सेको घेण्यापूर्वी

जपानी यांत्रिक घड्याळांचा संग्रह सुरू करायचा असेल, तर १९६० आणि १९७० च्या दशकांतील सेकोपासून आरंभ करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. त्या काळी सुवा आणि दाइनी या सेकोच्याच दोन कारखान्यांत चुरस होती; १९६० मध्ये सुवाने ग्रँड सेको आणली आणि दाइनीने किंग सेको आणून तिला उत्तर दिले. १९६७ ची ४४जीएस, म्हणजे ग्रँड सेकोचेच एक मॉडेल, हातात आली, तर तिची केस (घड्याळाचे बाहेरचे धातूचे आवरण) उजेडात तिरकी धरून पाहा: आरशासारखे सपाट पैलू जिथे एकमेकांना भिडतात, तिथली धार सुरीच्या पात्यासारखी सरळ दिसते. दुकानात एकदा जरी जोरात पॉलिश झाले, तरी ती धार बोथट होते आणि पुन्हा येत नाही, म्हणून ओरखडे असलेली पण मूळ आकार टिकवलेली केसच घ्यावी.

एवढे बजेट नसेल, तर सेको ५ घ्या. तिच्यातले स्वयंचलित यंत्र साधे, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपे आहे. मात्र आपल्याकडे, विशेषतः मुंबईच्या बाजारात, नव्याने रंगवलेल्या डायलच्या सेको ५ फार आहेत, त्यामुळे अक्षरांच्या कडा भिंगातून तपासा. मागील झाकणावरील चार-चार अंकांच्या दोन गटांपैकी पहिला गट यंत्राचा क्रमांक असतो; आतले यंत्र त्याच क्रमांकाचे आहे ना, हे झाकण उघडून दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार करू नका.