वाचकांचे प्रश्न : शेतातून जाणारी हक्काची वाट

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलीकडे, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर काउंटीतल्या एका खेड्यात, महिनाभर राहिलो. रस्त्याच्या कडेला ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी होती. पण पाटीचा बाण जिकडे होता तिकडे नुकतीच नांगरलेली जमीन पसरलेली, वाटेचा मागमूसही नाही. जावई सरळ ढेकळांतून चालू लागले. मला ते पटले नाही, म्हणून मी वळसा घालून बांधाने गेलो. बरोबर कोण?

उत्तर : आपला संकोच समजण्यासारखा आहे, पण बरोबर आपले जावई होते. प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. आपण मराठीत ज्याला फुटपाथ म्हणतो, त्या रस्त्याकडेच्या पदपथाला इंग्लंडमध्ये पेव्हमेंट म्हणतात. तिथला फुटपाथ म्हणजे रानातून, शेतातून, कधी कधी एखाद्याच्या अंगणातूनही जाणारी पायवाट. जमीन खाजगी असते, पण तिच्यावरून चालत जाण्याचा हक्क सार्वजनिक असतो आणि कायद्याच्या दृष्टीने ती वाट हमरस्त्याच्याच जातीची असते. हा हक्क नकाशावर आखलेल्या रेषेपुरताच असल्यामुळे, काटेकोर बोलायचे तर, शेतातून मधोमध जाणारे जावई हक्काच्या जागेवर होते आणि पीक-नांगरट जपण्यासाठी बांधाने गेलेले आपण दुसऱ्याच्या जमिनीवर होता. अर्थात त्यासाठी आपल्याला कोणी बोल लावणार नाही. वाट प्रत्यक्ष अडवलेली असेल तर तेवढ्यापुरता वळसा घेण्याची मुभाही आहे.

शेतकऱ्यानेही नांगरून गुन्हा केला असे समजू नये. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये १९९० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, शेताच्या मधून जाणारी पायवाट किंवा घोडवाट टाळून नांगरणे सोयीचे नसेल तर ती नांगरता येते. मात्र त्या पिकासाठी पहिल्यांदा जमीन उकरल्यापासून १४ दिवसांच्या आत तिचा पृष्ठभाग चालण्याजोगा करून वाट कुठून जाते हे जमिनीवर स्पष्ट दिसेल असे करावे लागते. रुंदी नोंदलेली नसेल तर अशा पायवाटेला किमान १ मीटर आणि घोडवाटेला २ मीटर जागा सोडावी लागते. शेताच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरताच येत नाही. तिथे पायवाटेला १.५ मीटर आणि घोडवाटेला ३ मीटर जागा राखायची असते. पुढे पीक वाढून वाट बुजणार नाही हे पाहणेही शेतकऱ्याचेच काम. बरेच शेतकरी ट्रॅक्टरची चाके त्या रेषेवरून फिरवून वाट उमटवतात आणि तेवढ्याने काम भागते. आपण गेलात तो दिवस त्या १४ दिवसांतला असेल तर कोणाचीच चूक नव्हती. मुदत उलटूनही तीच स्थिती असेल, तर आपल्या मुलीने काउंटी कौन्सिलच्या वाटांच्या विभागाला कळवावे. वाट खुली ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी हमरस्त्यांचा कारभार पाहणाऱ्या त्या कौन्सिलवर आहे.

प्रश्न : माझी बहीण तिथे घोडेस्वारी करते. तिची नेहमीची घोडवाट एका ओढ्यापाशी येते आणि पलीकडे, तीच वाट, तीच रुंदी असूनही, ‘फक्त पायी’ होते. मग घोडा कुठे न्यायचा?

उत्तर : तो ओढा दोन पॅरिशांची हद्द असावा, असा आमचा अंदाज आहे. पॅरिश हा मुळात एका चर्चचा परिसर. पुढे तोच ग्रामीण इंग्लंडमधला कारभाराचा सर्वांत खालचा घटक झाला आणि १८९४ च्या कायद्याने त्याला निवडून दिलेली कौन्सिल मिळाली. १९४९ साली नॅशनल पार्क्स अँड अ‍ॅक्सेस टू द कंट्रीसाइड अ‍ॅक्ट झाला, तेव्हा प्रत्येक काउंटीने सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरले, आणि कोणती वाट कशी आहे याची प्राथमिक पाहणी पॅरिशांकडे सोपवली गेली. एका पॅरिशने हौसेने प्रत्येक वाट चालून पाहिली, जुने कागद उघडले. शेजारच्या पॅरिशने दोन-चार वाटा लिहून हात झटकले, किंवा जमीनदारांचे वजन जास्त असलेल्या कौन्सिलीने घोडवाट असूनही ती पायवाट म्हणून नोंदवली. वाट एकच, पण नोंद करणारे हात दोन. सत्तर वर्षांनंतर घोडा ओढ्याशी थबकतो तो यामुळे.

सुदैवाने हा नकाशा एका बाजूनेच अंतिम आहे. त्यात जो हक्क दाखवला आहे तो निर्विवाद मानला जातो; पण जो दाखवलेला नाही तो अस्तित्वातच नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही. एकदा हमरस्ता झाला की तो कायमचा हमरस्ता, हे तिथल्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. कायदेशीर आदेशाने बंद केल्याशिवाय तो केवळ न वापरल्याने मरत नाही. म्हणून १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टखाली कोणीही, अगदी आपली बहीणसुद्धा, नकाशा दुरुस्त करण्यासाठी अर्ज करू शकते. पुरावे दोन प्रकारचे चालतात. पहिला कागदांचा : सामाईक रानांची वाटणी झाली तेव्हाचे निवाडे, १८३६ नंतर चर्चच्या दशमांशासाठी काढलेले नकाशे, आणि १९१० च्या करआकारणीचे नकाशे, ज्यांत सार्वजनिक रस्ते बहुधा कोणत्याही मालकाच्या रंगात न रंगवता कोरे सोडलेले दिसतात. दुसरा वहिवाटीचा : लोकांनी सलग २० वर्षे, बळजबरीने नव्हे, चोरून नव्हे आणि परवानगी मागूनही नव्हे, अशा रीतीने वाट वापरली असेल, तर मालकाने ती लोकांना दिली असे गृहीत धरले जाते. ‘परवानगी मागूनही नव्हे’ ही अट प्रथम विचित्र वाटते, पण तिच्यात मर्म आहे : ज्याने परवानगी मागितली त्याने हक्क नाही हे कबूल केले. वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप लावण्याची काही जमीनमालकांची चाल या वीस वर्षांच्या नियमाला उत्तर म्हणून निघाली.

जुन्या कागदांवर आधारलेल्या दाव्यांना २००० च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख घातली होती. ती पुढे २०३१ पर्यंत ढकलली गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ती मुदतच काढून टाकण्याचा इरादा जाहीर केला. तरीही बहिणीने थांबू नये असे आम्ही सुचवू, कारण वहिवाटीची साक्ष देणारी माणसे म्हातारी होत असतात.

प्रश्न : खांबांवरच्या रंगीत बाणांचा अर्थ काय? सायकल कोणत्या वाटेवर चालते?

उत्तर : पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडवाटेचा. जांभळा बाण असलेल्या वाटेवर पायी, घोड्यावर, सायकलवर किंवा घोडागाडीतून जाता येते, मोटार मात्र नेता येत नाही. लाल बाणाच्या वाटेवर मोटारही चालते. सायकलला घोडवाटेवर १९६८ पासून मुभा आहे, पण पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना तिने वाट द्यायची असते.

प्रश्न : तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या नकाशावर दोन कुंपणांमधून जाणारा एक कोरा पांढरा रस्ता आहे. त्यावर पायवाटेच्या हिरव्या तुटक रेषाही नाहीत. त्यावरून जायचे की नाही?

उत्तर : हाच प्रश्न तिथल्या जाणत्यांनाही छळतो. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून तो सार्वजनिक ठरत नाही, असे तो नकाशा स्वतःच छापून सांगतो. पूर्वी रस्त्यांची डागडुजी पॅरिशचीच जबाबदारी असे. १५५५ च्या कायद्याने गावकऱ्यांना त्यासाठी वर्षातले काही दिवस फुकट राबावे लागे, आणि ही वेठ १८३५ साली संपली. ग्रामीण रस्ते १९२९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांकडे गेले. त्या हस्तांतरानंतर ज्यांवर कधी डांबर पडले नाही, असे कितीतरी रस्ते आजही गवताळ गल्ल्या होऊन पडले आहेत. लोक त्यांना ‘ग्रीन लेन’ म्हणतात, पण त्या नावाला कायद्यात अर्थ नाही. काउंटी कौन्सिलकडे तिच्या खर्चाने राखायच्या रस्त्यांची यादी असते. ती आधी पाहावी. रस्ता यादीत असेल तर तो सार्वजनिक आहे हे जवळपास नक्की, पण त्यावर मोटारीचा हक्क आहे की फक्त पायी जाण्याचा, हे ती यादी सांगत नाही. असा वर्गीकरण नसलेला रस्ता न्यायालयाकडून बंद करून घ्यायचा झाला तर पॅरिश कौन्सिलचा नकार पुरेसा ठरतो. एरवी तिच्या हाती फारसे अधिकार नसले तरी हा एक मोठा आहे.

प्रश्न : वाटेवरच्या शेतात बैल मोकळा सोडलेला दिसला. हे चालते का?

उत्तर : वळू असेल तर जातीवर अवलंबून आहे. दहा महिन्यांवरचा जर्सी, फ्रीजियन, आयर्शर अशा दुधाळ जातींचा वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात मोकळा ठेवण्यास मनाई आहे. इतर जातींचा चालतो, पण त्याच्यासोबत गाई किंवा कालवडी असाव्या लागतात. कुत्रा बरोबर असेल तर त्याला जवळ ठेवावे, आणि गुरे अंगावर आलीच तर सोडून द्यावे, कारण त्यांचा रोख बहुधा त्याच्यावर असतो आणि तो आपल्यापेक्षा वेगाने पळतो. फाटक उघडे होते की बंद, हे आत शिरतानाच लक्षात ठेवावे आणि जाताना तसेच ठेवून जावे.