जुनी विज्ञानकथा कार्टून्स मोठेपणी पुन्हा पाहताना निराशा का होते?

तुमचं म्हणणं असं की, लहानपणी डोक्यावर घेतलेली अंतराळ-रोबोंची कार्टून्स परत लावली तर चित्र दातेरी दिसतं, आवाज पोरकट वाटतो आणि दोन-तीन भागांत कंटाळा येतो. दोष मालिकेचा की वयाचा? माझ्या मते पुष्कळदा दोष हातातल्या प्रतीचा असतो. आधी ती तपासा, वयाचं नंतर बघू.

दाते कुठून येतात? ही कार्टून्स फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेम्सनी चित्रित झाली. अमेरिकी आणि जपानी टीव्हीला लागत २९.९७. म्हणून फिल्मच्या दर ४ फ्रेम्स ताणून टीव्हीच्या ५ करतात आणि त्यातल्या २ फ्रेम्समध्ये दोन वेगळी चित्रं एकाआड एक रेघांनी मिसळलेली असतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कुणी हात हलवतंय अशा जागी थांबा आणि ‘ई’ कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. तीन स्वच्छ, दोन दातेरी असा क्रम दिसला की निदान पक्कं. (एक चित्र दोन-तीन फ्रेम्स तसंच ठेवलेलं असतं, त्यामुळे जरा चिकाटीने मोजा.) इथे डीइंटरलेसचा (म्हणजे दाते घालवायच्या सोयीचा) ‘ब्लेंड’ प्रकार लावू नका, दाते जातात, पण हाताला भुताटकी सावली येते. ‘फिल्म एनटीएससी’ हा प्रकार निवडा. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रामने फाइल नव्याने करणार असाल तर त्यातला ‘डीटेलिसीन’ फिल्टर लावा. ऐंशीच्या दशकातल्या काही मालिकांचं संकलनच व्हिडिओ टेपवर झालं. तिथे प्रत्येक कटला हा क्रम मोडतो आणि फिल्टर काही फ्रेम्स चुकतो. त्याला इलाज नाही, चालवून घ्या.

आवाज पोरकट वाटत असेल तर प्रत पाल पद्धतीची (युरोप-भारतातल्या टीव्हीची, सेकंदाला २५ फ्रेम्सची) आहे का बघा. त्यात २४ फ्रेम्स सरळ २५ च्या वेगाने पळवतात. २५ मिनिटांचा भाग २४ मध्ये संपतो आणि पट्टी चढते, काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी दोनला जातं. वेग ०.९६ करा, पण प्लेअरमधली ‘पट्टी कायम ठेवा’ अर्थाची सोय आधी बंद करा. नाहीतर वेग उतरतो आणि आवाज तसाच चिरका राहतो. तोच भाग २२ मिनिटांतच आटोपत असेल, तर मात्र तो बहुधा जाहिरातींसाठी कापलेला आहे. दुसरी प्रत शोधा.

रुंद पडदा भरून दिसणारी ‘नवी’ प्रत तर मी सरळ टाळतो. मूळ चौकट ४:३ ची. १६:९ करताना उंचीचा चौथा हिस्सा उडतो. डोक्यावरचे केस छाटलेले आणि शीर्षकाची अक्षरं कडेला टेकलेली दिसली की समजा. दुसरी खोड म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे घालवण्यासाठी केलेली अति-सफाई. धावणाऱ्या पात्राच्या बोटांच्या बाह्यरेषा तुटक झाल्या असतील, तर यंत्राने शाईची बारीक रेघ कचरा समजून पुसली आहे. त्यापेक्षा दाणेदार प्रत शंभर पटींनी बरी.

आता आवृत्ती. १९७२ ची जपानी मालिका ‘गॅचामान’ १०५ भागांची. १९७८ मध्ये अमेरिकेत तिचं ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ झालं तेव्हा ८५ भाग उरले, मारामारी छाटली गेली आणि सेव्हन-झार्क-सेव्हन नावाचा रोबो नव्याने चिकटवला. १९८५ ची ‘रोबोटेक’ तर तीन वेगळ्या जपानी मालिका जोडून बनलेली. आठवणींसाठी बघायचं तर तुम्ही पाहिलेलं डबिंगच घ्या. कथेसाठी बघायचं तर मूळ मालिका उपशीर्षकांसह. दोन्ही आलटूनपालटून पाहिलं की पात्रांच्या नावांचासुद्धा गोंधळ होतो.

राहिला कंटाळा. बऱ्याच मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने केलेल्या होत्या. रोबो जोडला जाण्याचं तेच दृश्य पैसे वाचवायला दर भागात वापरत. सात दिवसांनी ते हवंहवंसं वाटतं, सलग तिसऱ्यांदा डोकं उठवतं. दिवसाला एकच भाग पुरे. आणि हालचाल थोडी आहे म्हणून हिरमुसण्यापेक्षा ती कशी वाचवली ते बघा. ‘जेटसन्स’ या अमेरिकी मालिकेत जॉर्ज या मुख्य पात्राची कॉलर बघा: धड एका सेलवर (चित्र काढायच्या पारदर्शक पत्र्यावर) स्थिर आणि डोकं दुसऱ्यावर, मधली सांध कॉलरखाली झाकली जाते. सरकणारं दार आजूबाजूच्या भिंतीहून सपाट रंगाचं दिसतं, कारण भिंत पार्श्वभूमीच्या चित्रात रंगवलेली असते आणि दार सेलवर.

सुरुवात याच मालिकेने करा, पण यादी नीट बघून: १९६२-६३ चे भाग २४ च आहेत, बाकीचे ५१ थेट १९८५ ते ८७ मधले. पहिले २४ आधी.