वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे हेडलाइट आणि रिले

प्रश्न : माझी पद्मिनी १९८७ ची आहे. सात इंची गोल हेडलाइट, एच-४ चे (एकाच बल्बमध्ये दूरचा हाय आणि जवळचा लो असे दोन बीम) ६०/५५ वॅटचे बल्ब. उजेड पिवळट पडतो आणि स्विच गरम होतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, दिव्याच्या पिनांवर मात्र ११ मिळतात. गॅरेजमध्ये ९०/१०० चे बल्ब टाकायला सांगितले. टाकावेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अजिबात टाकू नका. बल्ब कमी पडत नाही, वाटेत व्होल्टेज गळते आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणून ११ व्होल्टवर तो जेमतेम निम्मा उरतो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या आसपास घेतात आणि हा सगळा प्रवाह तुमच्या जुन्या स्विचमधून, डिपरच्या (हाय-लो बदलणाऱ्या स्विचच्या) झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून आणि बारीक वायरींतून जातो. १०० वॅटची जोडी १६ अँपिअरच्या वर जाईल. गळती आणखी वाढेल, होल्डर वितळेल, स्विच जळेल. शिवाय असे बल्ब रस्त्यासाठी मंजूर नाहीत. उपाय आहे रिले : त्यातल्या कॉइलला जुन्या स्विचमधून थोडासा प्रवाह मिळाला की तो बॅटरीचा मोठा प्रवाह थेट दिव्यांना जोडतो.

आधी गळती कुठे आहे ते पाहा. बल्ब जागेवर आणि चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसला व दुसरे बल्बच्या प्लस पिनला लावा. मग तसेच बॅटरीचे मायनस आणि बल्बची अर्थ (बॉडीमार्गे मायनसला जाणारी) पिन. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पहिले काम तिथले. नुसते रिले बसवून अर्थ तशीच गंजलेली ठेवली की निम्मा खर्च वाया जातो, आणि हे फार वेळा होते.

सामान : १२ व्होल्ट, ३० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले, १५ अँपिअरचे दोन फ्यूज होल्डरसह, बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ चौरस मिमीची वायर, रिलेपासून दिव्यापर्यंत आणि अर्थला २.५ चौरस मिमी, कॉइलसाठी ०.७५ चौरस मिमी, दोन सिरॅमिक होल्डर. तयार किटमधल्या जाड दिसणाऱ्या वायरी सोलून पाहा, कित्येकदा आत तांबे थोडे आणि प्लास्टिकच जास्त असते.

कामाआधी बॅटरीचे मायनस काढा. प्लसवरून निघालेल्या दोन वायरींना वीतभर अंतरातच एकेक फ्यूज लावून एकेक वायर एकेका रिलेच्या ३० नंबरच्या पिनला (प्लस आत येते ती) द्या. प्रत्येक बीमला वेगळा फ्यूज असला की एक उडाला तरी दुसरा बीम राहतो. ८७ मधून (प्लस बाहेर पडते ती पिन) डाव्या-उजव्या दिव्यांना वायरी न्या. जुन्या एका होल्डरची लो आणि हाय वायर आता फक्त इशारा देईल : लो वायर लो-रिलेच्या ८६ ला, हाय वायर हाय-रिलेच्या ८६ ला, दोन्हींची ८५ अर्थला (८६ आणि ८५ ही कॉइलची दोन टोके). दुसऱ्या बाजूचा जुना होल्डर टेप लावून बंद करा. कॉइल ०.१५ ते ०.२ अँपिअरच घेते, म्हणून स्विच थंड राहतो. एच-४ बल्बवर आडवी पिन लोची; उरलेल्या दोनपैकी अर्थ कोणती ते मीटरने ठरवा.

पाच पिनांचा रिले हाती आला तर मधल्या ८७-अ ला काही जोडू नका. नाहीतर स्विच बंद असताना दिवे जळतील आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळेल. रिले पिना खाली करून, पाणी उडणार नाही अशा जागी लावा. शेवटी समतल जागी, भिंतीपासून ५ मीटरवर लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंमी खाली ठेवा. उजेड वाढल्यावर समोरच्याला चकाकी लागू नये याची जबाबदारी आपलीच.

प्रश्न : जिप्सीला अशीच जोडणी केली, पण स्विच कसाही टाका, दिवे लागत नाहीत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जिप्सीच्या हेडलाइटमध्ये स्विच प्लस देत नाही, अर्थ देतो. होल्डरच्या सामाईक पिनवर फ्यूजमधून प्लस असते, लो आणि हाय वायरी स्विचमधून अर्थला जातात. म्हणून तुमच्या जोडणीत कॉइलच्या दोन्ही टोकांना अर्थच मिळते. सामाईक वायर दोन्ही रिलेंच्या ८६ ला द्या, लो व हाय वायरी आपापल्या ८५ ला. नव्या होल्डरला मात्र अर्थ बॉडीवरून हवी. नंतर हाय बीमचा निळा दिवा मंद झाला किंवा हायबरोबर लोही लागू लागले, तर निळ्या दिव्याचा प्रवाह लो-रिलेच्या कॉइलमधून फिरतो आहे. त्याच्या जुन्या वायरी सोडवा, एक टोक हाय-रिलेच्या ८७ ला छोट्या फ्यूजमधून आणि दुसरे अर्थला द्या.

प्रश्न : रिले गुणगुणतो, दिवे फडफडतात. रिले खराब आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा नाही. कॉइलला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. ८५ ची अर्थ घासून पक्की करा, मग ८६ वर दिवे चालू असताना मोजा. तिथे ९ व्होल्टच्या खाली आले तर दोष स्विचच्या किंवा डिपरच्या कॉन्टॅक्टमध्ये. नवा रिलेही तसाच गुणगुणेल.