चेकलिस्ट मधेच तुटली तर पहिल्यापासून घे

अरे, विमान उडवण्याआधीची चेकलिस्ट पाठ झाली म्हणून नुसती तोंडाने म्हणू नकोस, प्रत्येक गोष्टीला हात लाव, डोळ्याने बघ. १९८७ साली डेट्रॉइटला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या फ्लाइट २५५ चं काय झालं ते वाच. टॅक्सी चालू, म्हणजे विमान जमिनीवरून रनवेकडे निघालेलं, रनवे बदललेला, त्या गडबडीत टॅक्सीची चेकलिस्ट राहूनच गेली, फ्लॅप (पंखांमागचे, टेकऑफला जादा उचल देणारे पट्टे) न लावताच टेकऑफ, आणि वॉर्निंग द्यायची ती सिस्टिमही गप्प. विमानात फक्त चार वर्षांची एक मुलगी वाचली, बाकी सगळे गेले. अनुभवी पायलट होते रे ते!

सेसनासारख्या छोट्या विमानाचा प्रीफ्लाइट, म्हणजे उडण्याआधीची तपासणी, करताना कोणी हाक मारली, फोन वाजला, की सरळ थांब आणि परत पहिल्यापासून सुरू कर, 'इथपर्यंत झालं होतं बहुतेक' हे अजिबात चालणार नाही. पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर, कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल हलू नयेत म्हणून लावलेली खीळ), फ्युएल कॅप, नेमकं हेच राहतं. फोन तर बंदच ठेव. मित्राला शेजारी बसवलंस तर आधीच सांग, मी बोल म्हणेपर्यंत गप्प बसायचं.